आईच्या अंगठीची किंमत कोणती?

आईला जाऊन या श्रावणात वर्ष झाले. पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्ताने आम्ही तिघे भावंडे द्वारकेच्या जुन्या घरी एकत्र आलो. नाशिककरांना द्वारका सांगावी लागत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच, की मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तो हा चौक. तिथे रात्री दोन वाजताही शांतता नसते. त्या गोंगाटात आईने पन्नास वर्षे नित्यनेमाने सामायिक केले.

तिच्या कपाटातून निघालेल्या वस्तूंचे वाटप तासाभरात आटोपले. पैठणी वहिनींकडे गेली, पूजेची चांदीची भांडी दादाकडे, पोथ्या माझ्याकडे. अडले ते एका अंगठीपाशी. १९६८ साली आईच्या लग्नात आजोबांनी घातलेली, मध्ये एकच हिरा असलेली ती अंगठी मोठ्या ताईला हवी होती. आम्हा दोघांची काहीच हरकत नव्हती. पण ताईनेच सांगितले, ‘‘मला ती हवी आहे, फुकट नको. किंमत काढा आणि तुमचा तुमचा वाटा माझ्याकडून घ्या. उद्या मुलांच्या मनात काही राहायला नको.’’

आईचे मृत्युपत्र नव्हते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि वडील आधीच गेलेले. त्यामुळे आम्हा तिघांचा हक्क समान होता. प्रश्न कायद्याचा नव्हताच. प्रश्न एवढाच होता, की किंमत किती?

दादा आणि मी एका दुपारी तीन दुकाने फिरलो. पहिल्या दुकानात एक आकडा मिळाला. दुसऱ्या दुकानात त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिसऱ्याने सोने तोलले, त्याचा भाव सांगितला आणि खड्याविषयी म्हटले, ‘‘दाखला नसलेला हिरा आम्ही परत घेत नाही.’’ निघताना पहिल्याने एक पुस्ती जोडली होती, की विम्यासाठी कागद हवा असेल तर याहूनही मोठी रक्कम लिहून देता येईल. रस्त्यावर येताच दादा संतापून म्हणाला, ‘‘सगळे लबाड आहेत!’’

मलाही क्षणभर तसेच वाटले. आता वाटत नाही. त्या दुपारी आम्ही चार आकडे ऐकले ते चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे होती, आणि आम्ही मात्र एकच प्रश्न विचारल्याच्या समजुतीत होतो. हे उमजायला मला आपल्याच जिल्ह्यातील एका फार मोठ्या हिऱ्याची गोष्ट उपयोगी पडली.

द्वारकेपासून तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर. तेथील महादेवाच्या मंदिरात एक हिरा होता असे परंपरेने सांगितले जाते. जगभरच्या रत्नग्रंथांत त्याला ‘नासाक’ म्हणतात; हे आपल्या नाशिकचेच इंग्रजी कानांनी ऐकलेले रूप. कृष्णेकाठच्या कोल्लूरच्या खाणीतील, म्हणजे गोवळकोंड्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या हिऱ्यांपैकी तो एक. वजन सुमारे नव्वद कॅरट. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची सत्ता संपली तेव्हा तो हिरा इंग्रजांच्या हाती पडला, कर्नल ब्रिग्ज यांच्यामार्फत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे आणि तिथून लंडनला गेला. दख्खनच्या त्या लुटीच्या वाटणीवरून इंग्रजांच्या दोन फौजांत जो वाद पेटला तो वर्षानुवर्षे चालला. तो मिटवण्यासाठी खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टनला विश्वस्त नेमावे लागले. आम्ही तिघे एका अंगठीसाठी दोन दिवस बसलो, त्याचे मग फारसे वाईट वाटले नाही.

लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज या जव्हेऱ्यांनी तो हिरा सुमारे तीन हजार पौंडांना घेतला. कॅरटमागे हिशेब केला तर तेहतीस पौंडांच्या आसपास. एवढ्या मोठ्या हिऱ्याला ही किंमत फारच थोडी. पण विकणारा कोण होता ते पाहावे: लुटीचा माल हातावेगळा करून रोकड वाटून घ्यायची ज्यांना घाई, ते. विकणाऱ्याची घाई ही किमतीतली एक मोठी वजावट असते, मग हिरा देवाचा असो वा आईचा.

रंडेल अँड ब्रिजने त्याचे पैलू नव्याने पाडून घेतले. भारतीय कारागीर हिरा घडवत तो वजन राखून. दगडाने स्वतःचा जो आकार आणला असेल त्यालाच धरून, कमीत कमी घालवून. युरोपीय कारागिराचे लक्ष असते ते प्रकाशावर: आत गेलेला किरण परत डोळ्यांकडे आला पाहिजे. या वेळी मात्र लंडनच्या कारागिराने मूळ घडणीला शक्य तितके धरूनच काम केले. नव्वदचे वजन जुन्या इंग्रजी मापाने साडेअठ्ठ्याहत्तरच्या थोडे वर आले. आणि १८३१ साली इमॅन्युएल बंधूंनी तो घेतला तो सुमारे ७,२०० पौंडांना. तेरा वर्षांत वजन घटले आणि किंमत दुपटीहून वर गेली. १८३७ मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला. त्याने काही काळ आपल्या तलवारीच्या मुठीत तो बसवला होता. १८८६ साली त्याचे मोल तीस ते चाळीस हजार पौंड सांगितले जात होते. लक्षात घ्यावे, की ही कोणी मोजून दिलेली रक्कम नव्हे, नुसता अंदाज. हिरा तेव्हा विकायला काढलेला नव्हता. न विकायच्या वस्तूची किंमत नेहमीच उदारपणे सांगितली जाते.

पुढे १९२७ मध्ये तो अमेरिकेत आला आणि तिथे त्याची किंमत नव्हे तर जात कोणती, यावर खटला झाला. आणणाऱ्यांचे म्हणणे, ही शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आहे, तिला जकात माफ. स्पर्धक जव्हेऱ्याचे म्हणणे, हा पैलू पाडलेला सुटा हिरा आहे, त्यावर वीस टक्के जकात द्या. १९३० साली वरिष्ठ न्यायालयाने दुसरे म्हणणे मान्य केले. चार शतकांचा इतिहास, देवस्थानाची परंपरा, साम्राज्याचा उदयास्त हे सगळे तराजूबाहेर राहिले. जकातीसाठी तो एक दागिन्यात बसवण्याजोगा दगड ठरला. मला हा निकाल वाचताना तिसऱ्या दुकानातील त्या गृहस्थांची आठवण झाली. त्यांनीही आईच्या पन्नास वर्षांकडे न पाहता तराजूकडेच पाहिले होते.

१९४० साली हॅरी विन्स्टन या प्रसिद्ध जव्हेऱ्याने पॅरिसमध्ये तो हिरा घेतला आणि पुन्हा कापला. या वेळी हात राखला नाही. ८०.५९ कॅरटवरून तो ४३.३८ वर आला. जवळजवळ निम्मा हिरा भुकटी होऊन गेला, आणि उरला तो निर्दोष, पाचूसारख्या आयताकृती पैलूंचा. (वर लंडनचे साडेअठ्ठ्याहत्तर आणि इथे ऐंशी, यात हिरा वाढलेला नाही. जुना इंग्रजी कॅरट थोडा जड होता. १९०७ मध्ये दोनशे मिलिग्रॅमचा नवा मेट्रिक कॅरट ठरला. माप बदलले की आकडा बदलतो, वस्तू तीच राहते. आपल्याकडील रतीचीही हीच कथा, एका पेठेची रती दुसऱ्या पेठेत चालत नाही.) १९४४ साली न्यूयॉर्कच्या श्रीमती लीड्स यांना तो लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला आणि त्यांनी तो अंगठीत घातला. त्र्यंबकच्या देवाचे रत्न अशा रीतीने एका गृहिणीच्या बोटावर आले. १६ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले, म्हणजे कॅरटमागे साडेअकरा हजार. घेणारे एडवर्ड हँड हे मालवाहतुकीचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते.

एकच दगड. घाईने विकणाऱ्याची किंमत वेगळी, व्यापाऱ्याची वेगळी, न विकणाऱ्या सरदाराची वेगळी, जकात अधिकाऱ्याची वेगळी, लिलावातली वेगळी. आमच्या दुपारच्या चार आकड्यांचे कोडे इथे सुटले.

रत्नाचे मोल ठरवण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. वजनाचे माप तांदळाचे, आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ. आणि वीस तांदूळ वजनाच्या हिऱ्यापासून खाली किंमत कशी उतरत जाते त्याचे कोष्टक दिले आहे. त्यात हिरे कुठून येतात त्या प्रदेशांत आपल्या कोकणातील शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, याचेही नाव आहे. वजन निम्मे झाले की किंमत निम्मी होत नाही, त्याहून पुष्कळ खाली जाते, ही गोष्ट त्या काळच्या परीक्षकांना पक्की ठाऊक होती.

पण आपल्या समाजाने अभिमानाने आठवावे असे नाव आहे ठक्कर फेरू यांचे. श्रीमाळ जैन, मूळचे आजच्या हरियाणातील कन्नाणा गावचे, अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारी खजिन्याशी संबंधित अधिकारी. १३१५ साली त्यांनी आपल्या मुलासाठी ‘रयणपरिक्खा’ हा ग्रंथ लिहिला, तोही संस्कृतात नव्हे तर प्राकृतात. जुन्या आचार्यांची मते त्यात आहेतच. परंतु सुलतानाच्या भांडारातील रत्ने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, त्या काळी चालू असलेले भाव त्यांनी कोष्टकात मांडले. शास्त्र सांगते ते आणि बाजारात चालते ते, दोन्ही एका वहीत. तीन वर्षांनी त्यांनी नाण्यांच्या परीक्षेवर ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. मुलाला वारशात रत्ने देणारे पुष्कळ असतील. रत्ने पारखण्याची विद्या लिहून देणारा बाप विरळा. पुढे बनारसीदासांच्या ‘अर्धकथानका’तही जवाहिरांचा व्यापार येतो, त्यातल्या तोट्यांसकट.

आता आमच्या अंगठीकडे येते. तीन दुकानांनंतर आम्ही आईच्या मामेभावांकडे गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. आयुष्य जव्हेरीपणात गेले. दुकान बंद करून बारा वर्षे झाली, पण भिंग अजून खिशात असते. आम्ही त्यांना भाव विचारला. त्यांनी उलट विचारले, ‘‘विकायची आहे का?’’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘‘मग घाई नाही. आधी अंगठी म्हणजे काय काय आहे ते पाहू.’’

अंगठी म्हणजे तीन गोष्टी: सोने, खडा आणि घडणावळ. तिन्हींची किंमत वेगवेगळी काढायची. सोने सर्वांत सोपे. आमच्या अंगठीचे एकूण वजन ४.६० ग्रॅम भरले. हिरा साधारण अर्धा कॅरट धरला तर तो एक दशांश ग्रॅम, कारण एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. उरले साडेचार ग्रॅम. कसोटीवर सोने अठरा कॅरटचे, म्हणजे हजारात सातशे पन्नास भाग, असे निघाले. शुद्ध सोने ३.३७५ ग्रॅम झाले. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. इथे वाद उरत नाही. (सोन्याचा कॅरट शुद्धतेचा आणि हिऱ्याचा कॅरट वजनाचा, हा घोटाळा अजूनही चांगल्या शिकलेल्या घरांत होतो.) घडणावळीचे मात्र नाव काढू नये. नवी अंगठी घेताना मजुरी आणि त्यावरचा कर आपण भरतो, तो परत मिळत नाही. हॉलमार्कविषयीही एक समजूत दूर केली पाहिजे. हल्लीच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो. त्यात बसवलेल्या हिऱ्याविषयी तो एक शब्दही बोलत नाही.

खरी परीक्षा खड्याची. मामांनी प्रथम अंगठी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने स्वच्छ करायला लावली. पन्नास वर्षांचे चंदन-केशर आणि कणीक मागच्या बाजूला साचलेले होते. ते निघाल्यावरच हिऱ्याचे ‘पाणी’ दिसले. मग दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून ते बराच वेळ गप्प बसले. आत एक बारीक पांढरा पिसासारखा डाग, कडेला एक काळा ठिपका. वरचा सपाट पैलू लहान, माथा उंच, तळाचे टोक बोथट. म्हणजे हाताने घडवलेला जुन्या धाटणीचा हिरा. रंग? त्यांनी मान हलवली. मागून बंद असलेल्या सोन्याच्या कोंदणात पिवळट झाक हिऱ्याची की सोन्याची, हे सांगता येत नाही. जडवलेल्या हिऱ्याच्या रंगाविषयी छातीठोक बोलणाऱ्यापासून सावध राहा, असे ते म्हणाले.

वजनही बसवलेल्या खड्याचे तोलता येत नाही, ते मोजमापावरून काढतात. गोल हिऱ्यासाठी व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, सर्व मिलिमीटरमध्ये, आणि त्याला ०.००६१ ने गुणायचे, उत्तर कॅरटमध्ये. आमचा हिरा ५.२ मिलिमीटर व्यासाचा दिसत होता. उंची कोंदणात लपलेली. मामांनी ती अनुभवाने ३.१ धरली. उत्तर आले ०.५१, म्हणजे एक्कावन्न सेंट. आईच्या डबीत एक घडीची चिठ्ठी होती, त्यावर आजोबांच्या अक्षरात ‘अर्धा कॅरट, पाणी उत्तम’ एवढेच. आम्हाला आनंद झाला. मामा म्हणाले, ‘‘अंदाज आहे, बाळ. लिहून ठेव की अंदाज आहे.’’

त्या अंदाजाला एवढे महत्त्व का? कारण हिऱ्याचा भाव वजनाच्या टप्प्यांनी चढतो. न्यूयॉर्कहून १९७८ पासून रॅपापोर्ट नावाची भावपत्रिका निघते. जगभरचे व्यापारी तिच्याकडे पाहून आपली वजावट वा चढ ठरवतात. तिच्यात अर्ध्या कॅरटच्या खालचा आणि वरचा रकाना निराळा आहे. एकोणपन्नास आणि पन्नास सेंट यांत डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, पण कॅरटमागचा दर बदलतो. त्यातच रंग, स्वच्छता आणि घडण यांची प्रतवारी. रंग डी या अक्षरापासून खाली झेडपर्यंत. स्वच्छता निर्दोषापासून उघड्या डोळ्यांना डाग दिसण्यापर्यंत. आणि जुन्या धाटणीच्या हिऱ्याला एक वेगळीच वजावट: घेणारा व्यापारी मनात धरतो, की हा नव्याने कापावा लागेल आणि कापताना वजन जाईल. नाशिकच्या हिऱ्याचे जे झाले तेच, फक्त आकडे लहान. उलट, जुन्या घडणीचेच वेड असणारा एखादा ग्राहक भेटला तर तो जास्तही देईल. पण तसा ग्राहक त्या दुपारी आमच्या वाट्याला आला नव्हता.

एक प्रश्न हल्ली प्रत्येक घरात निघतो: हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला? आमच्या बाबतीत वर्षानेच उत्तर दिले. १९६८ मध्ये दागिन्याच्या दर्जाचा प्रयोगशाळेतला हिरा बाजारात नव्हताच. चकाकणारा घनाकृती झिर्कोनियासुद्धा १९७६ नंतर आला. अर्थात मधल्या काळात खडा बदललेला नसेल तरच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेल्या अंगठीला मात्र हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रयोगशाळेतला हिरा रसायनाने हिराच असतो; दुकानातल्या टोकदार यंत्राचा दिवा त्यावरही लागतो. मॉयसनाइट नावाचा खडा तर हिरा नसूनही त्या उष्णतामापक यंत्राला चकवतो. भेद करायला प्रयोगशाळेतील उपकरणे लागतात, म्हणूनच जीआयए, आयजीआय यांसारख्या संस्थांचा दाखला. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेतील हिऱ्यांचे भाव फार कोसळले. त्यामुळे हा भेद आता किमतीच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. आपल्यातील काही तरुण मंडळी खाणकामातील पृथ्वीकायाची हिंसा टाळावी म्हणून मुद्दाम प्रयोगशाळेतला हिरा घेतात. पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा व्यवसाय वर्ज्य सांगितला आहे, त्याला धरूनच हा विचार आहे, आणि मला तो पटतो. परंतु त्यांनी तो गुंतवणूक म्हणून घेऊ नये, आणि दुकानदाराने तो खाणीतला म्हणून विकू नये.

या शेवटच्या गोष्टीसाठी आपल्या शास्त्रात नेमका शब्द आहे. अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत एक आहे हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घ्यायचे माप एक आणि द्यायचे दुसरे. आणि एक आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलासारखी दिसणारी वस्तू अस्सल म्हणून खपवणे. ही भाषा जणू जव्हेरी बाजारासाठीच घडवली असावी. विकताना ‘अतिशुभ्र, निर्दोष’ आणि तोच हिरा परत घेताना ‘पिवळट, डागाचा’, हे वागणे म्हणजे भिंगाचे हीनाधिक मान होय. श्रीमद् राजचंद्रांची कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. मुंबईत ते हिऱ्या-मोत्यांचा व्यापार करीत. एका व्यापाऱ्याने ठराविक भावाने माल द्यायचा करार केला आणि मग भाव असा चढला, की करार पाळताना तो माणूस बुडाला असता. राजचंद्रांनी तो कागद फाडून टाकला. कथेतला त्याग मोठाच आहे, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. समोरचा मनुष्य कोणत्या अडचणीत उभा राहून किंमत कबूल करतो आहे, हे त्यांनी किमतीचाच भाग मानले.

मामांपुढे आम्ही चारही आकडे ठेवले. त्यांनी कागदावर रकाने पाडले. विम्याची किंमत म्हणजे उद्या अंगठी हरवली तर तशीच नवी घ्यायला किती लागेल ते. त्यात मजुरी, कर, दुकानाचा नफा सगळे येते, म्हणून ती सर्वांत मोठी. पहिल्या दुकानाचा आकडा बदल्यात नवा दागिना घेण्याच्या अटीवरचा होता. आम्ही ती अट ऐकली होती, पण मनात धरली नव्हती. दुसऱ्याचा रोख खरेदीचा. तिसऱ्याचा केवळ सोन्याचा. पाचवा रकाना आम्हाला ठाऊकच नव्हता: प्राप्तिकराचा. वारशाने मिळालेल्या दागिन्यावर मिळताना कर नाही. पण पुढे विकला तर भांडवली नफा मोजावा लागतो, आणि २००१ पूर्वीच्या वस्तूसाठी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य आधाराला घेता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा लेखी अहवाल जपून ठेवावा. तो आम्ही करून घेतला. असा मूल्यांकनकार ठराविक शुल्क घेणारा असावा. किमतीवर टक्केवारी घेणारा किंवा स्वतःच खरेदीला उत्सुक असणारा नको, कारण पहिल्याला आकडा मोठा हवा असतो आणि दुसऱ्याला लहान.

राहिला प्रश्न वाटणीच्या किमतीचा. दादाचे म्हणणे असे, की ताईला बाजारातून अशी अंगठी घ्यायची झाली असती तर मोठी रक्कम पडली असती, तेव्हा विम्याची नाही तरी निदान दुकानाची किंमत धरावी. वहिनींनी त्याला थांबवले. त्या म्हणाल्या, ‘‘ताईंनी ती घेतली नसती तर आपण विकून पैसे वाटले असते ना? मग विकून आपल्या हाती जे आले असते तेच आपले. त्याहून जास्त घेतले तर ते ताईंच्या मायेचे पैसे घेतल्यासारखे होईल.’’ मला हा युक्तिवाद कोणत्याही वकिलापेक्षा स्वच्छ वाटला. ताई मात्र रोख खरेदीचा आकडा लावायला तयार नव्हती. घाईने विकणाऱ्याची किंमत ती, आपल्याला कुठे घाई आहे, असे तिचे म्हणणे. शेवटी आणखी दोन ठिकाणी विचारून, मूल्यांकनकाराच्या अहवालातील पुनर्विक्रीचा अंदाज पुढे ठेवून मधला आकडा ठरला. मामांनी त्याखाली एक ओळ लिहायला लावली: हिऱ्याचे वजन ५१ सेंट गृहीत, प्रत्यक्ष तोलल्यावर फरक निघाल्यास हिशेब पुन्हा करावा.

ताईने दादाचा आणि माझा वाटा त्याच आठवड्यात दिला. दिवाळीनंतर तिने अंगठी दुरुस्तीला टाकली, कारण कोंदणाची एक कड झिजून खडा हलू लागला होता. तो काढायचाच आहे तर प्रमाणपत्रही करून घेऊ, असे ठरले. सुटा हिरा प्रथमच काट्यावर चढला. वजन सत्तेचाळीस सेंट. कोंदणाच्या आत तो आम्ही धरला होता त्यापेक्षा चपटा होता. चारच सेंटांचा फरक, पण रकाना बदलला. रंग मात्र अंदाजापेक्षा दोन पायऱ्या वर निघाला. पिवळी झाक सोन्याचीच होती.

मामांनी फोनवरच नवा हिशेब सांगितला. वजनाने उतरलेले आणि रंगाने चढलेले यांची वजाबाकी होऊन ताईचे थोडे पैसे जास्त गेले होते. संध्याकाळी दादा स्वतः पाकीट घेऊन तिच्याकडे गेला. ताईने आधी ते घ्यायला नकार दिला, मग चिठ्ठीवरची मामांची ओळ वाचून घेतले, आणि आपल्या परिग्रह-परिमाणाच्या वहीत अंगठीपुढचा जुना आकडा खोडून नवा लिहिला.